भरपाईची नीती

मोठ्या संकटात मनुष्याच्या धैर्याची परीक्षा होते असे आपण म्हणतो, आणि ते खरेही आहे. परंतु त्याच्या सचोटीची परीक्षा बहुधा लहानसहान नुकसानीतच होत असते. घर जळाले, पूर आला, घरचे माणूस गेले, तर मनुष्य काही काळ का होईना आपल्या क्षुद्रतेच्या वर उचलला जातो. शेजारी धावून येतात, वैरीही मुकाट्याने हात देतो. मोटारीचा दिवा फुटला किंवा दाराचा पत्रा दबला म्हणजे मात्र यांपैकी काहीच घडत नाही. शोक करावा इतकी ती हानी मोठी नसते, आणि विसरून जावे इतकी लहानही नसते. अशा मधल्या मापाच्या हानीत, एरवी सभ्यतेच्या पांघरुणाखाली असलेली आपली न्यायबुद्धी कितपत जागी आहे हे उघड होते. म्हणून किरकोळ अपघातानंतरच्या नुकसानभरपाईचा प्रश्न केवळ वकिलांचा व विमा कंपन्यांचा नसून नीतिविचाराचाही आहे, असे आम्हांस वाटते.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून तो एका ठिकाणी उभा करून पाहू. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात केंदूर नावाचे गाव आहे. ज्ञानदेवांचे समकालीन संत कान्हूराज पाठक यांचे गाव म्हणून ते परिचित आहे. एका अंगास पाबळ, दुसऱ्या अंगास शिक्रापूर. शिक्रापुरास चाकणकडून येणारा रस्ता पुणे-अहिल्यानगरच्या मोठ्या रस्त्यास मिळतो, आणि पुढे रांजणगावचे कारखाने लागतात. ज्या वाटांवर पूर्वी बैलगाडीखेरीज दुसरे वाहन क्वचितच दिसे, त्या वाटांवर आज कांद्याच्या गोण्यांनी भरलेले पिकअप, उसाच्या ट्रॉल्या, पाळी संपवून परतणाऱ्या कामगारांच्या दुचाक्या आणि सुटीच्या दिवशी शहरातून आलेल्या मोटारी एकमेकींस खेटून चालतात. समजा, अशा एका वळणावर चाकणच्या बाजारास निघालेला कांद्याचा पिकअप आणि पुण्याहून आलेली एक मोटार एकमेकांस घासली. पिकअपने वळण आतून घेतले होते. मोटार वाजवीपेक्षा वेगात होती. कोणास इजा नाही. मोटारीचा पुढचा दिवा फुटला व बंपर निखळला. पिकअपच्या फाळक्यास पोचा आला आणि दोन गोण्या फुटून कांदे रस्त्यावर पसरले. मोटारीचा मालक स्वतःच गाडी हाकीत होता. पिकअप हाकणारा रोजंदारीवरचा, आणि गाडी दुसऱ्याच्या मालकीची. या दोघांनी आता काय करावे?

कायद्याचे उत्तर थोडक्यात सांगता येते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्याची कलमे १ जुलै १९४६ पासून अमलात आली. सध्या १९८८ चा कायदा चालू आहे. त्याच्या १३४ व्या कलमाप्रमाणे कोणास इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेची हानी झाली, तर चालकाने जखमीची व्यवस्था पाहावी, जागेवर पोलीस नसल्यास जवळच्या ठाण्यात चोवीस तासांच्या आत खबर द्यावी, आणि विमा कंपनीस लेखी कळवावे. दुसऱ्याचे नुकसान भरून देणारा विमा प्रत्येक वाहनास सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळावे म्हणून निराळा हप्ता द्यावा लागतो. दुसऱ्याच्या विम्यातून आपल्या दिव्याची किंमत वसूल करावयाची तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची वाट आहे. परंतु एका दिव्यासाठी ती वाट सहसा कोणी चालत नाही. म्हणून प्रत्यक्षात निकाल लागतो तो रस्त्यावरच, आणि कायद्याचा हात जेथे क्वचित पोहोचतो तेथेच नीतीचा प्रश्न सुरू होतो.

रस्त्यावरचा हा निकाल बहुधा दोन नियमांनी लागतो. पहिला नियम म्हणजे 'मोठ्या गाडीची चूक'. सायकल व दुचाकी यांत दुचाकी, दुचाकी व मोटार यांत मोटार दोषी. या नियमाच्या मुळाशी केवळ अज्ञान आहे असे नाही. ज्यास कचेरीत दाद मिळण्याची आशा नाही अशा दुबळ्या पक्षास गर्दीने आपल्या परीने दिलेले ते संरक्षण आहे. दुसरा नियम याच्या उलट, म्हणजे ज्याचा आवाज मोठा, ज्याची ओळख वरपर्यंत, त्याची सरशी. एक नियम दुबळ्याच्या बाजूचा व दुसरा बळवंताच्या बाजूचा दिसत असला, तरी दोहोंचा दोष एकच. दोन्ही नियम कृत्य न पाहता माणूस पाहतात. वळण कोणी आतून घेतले आणि वेग कोणाचा अधिक होता, हे विचारण्याची गरज दोहोंपैकी एकासही वाटत नाही.

कृत्य पाहण्याचा हा विचार काही आजचा नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाड्यांच्या अपघातांचा चक्क स्वतंत्र ऊहापोह आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, अथवा हाकणाऱ्याने 'बाजूला व्हा' असे ओरडून सांगितले होते, अशा प्रसंगी दंड नाही. परंतु हाकणाऱ्याच्या अडाणीपणामुळे गाडी भलतीकडे गेली तर असा माणूस नेमल्याबद्दल मालकास दंड. हाकणारा वाकबगार असून चुकला तर दंड त्याचा त्यास. आणि हाकणारा नवशिका आहे हे असूनही जे गाडीत बसले त्यांसही दंड. त्याच अध्यायात असेही सांगितले आहे की, जाणून अथवा नकळत ज्याने दुसऱ्याच्या वस्तूची हानी केली त्याने धन्याचे समाधान करावे आणि तितकीच रक्कम राजास भरावी. ज्या ग्रंथाने अन्यत्र अपराध्याची जात पाहून दंड कमीजास्त केला, आणि म्हणून ज्याचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झाले, त्यास आज प्रमाण मानण्याचे कारण नाही. उलट, जो विवेक त्यास गाडीच्या बाबतीत सुचला तोच माणसाच्या बाबतीत सुचला नाही, हे त्याचे मोठेच अपयश होय. परंतु दैव कोणते, दोष कोणता आणि दोष असल्यास तो मालकाचा, हाकणाऱ्याचा की बसणाऱ्यांचा, हे तीन प्रश्न वेगळे करून विचारल्यावाचून भरपाईचा विचार सुरूच होत नाही, इतके त्यावरून घेण्यासारखे आहे. आपल्या उदाहरणातील पिकअपवाल्यास मालकाने रात्रभर गाडी हाकावयास लावली असेल, तर दिव्याचे पैसे त्याच्या रोजातून कापणे हा कोणता न्याय?

पुढचा प्रश्न दोष दोहोंकडे असतो तेव्हाचा, आणि रस्त्यावर बहुधा असेच असते. इंग्रजी न्यायालयांनी एके काळी असे ठरविले होते की, फिर्यादीची स्वतःची थोडीही चूक असेल तर त्यास काहीच मिळू नये. १८०९ च्या एका निकालात भरधाव घोडा फेकणाऱ्या स्वाराची फिर्याद याच कारणाने फेटाळली गेली. १८४२ साली एका गाढवाचा खटला आला. धन्याने त्याचे पुढचे पाय बांधून त्यास रस्त्यावर चरावयास सोडले होते, आणि वेगाने आलेल्या एका गाडीखाली ते मेले. गाढव तेथे ठेवणे ही चूक खरी, परंतु गाडीवाल्यास ते टाळता आले असते, म्हणून भरपाई त्याने द्यावी असे ठरले. शंभराहून अधिक वर्षे 'सगळे किंवा काहीच नाही' या दोन टोकांमध्ये ही विचारसरणी झोके खात राहिली, आणि १९४५ साली विलायतेत कायदा करून दोषाच्या प्रमाणात भरपाई वाटून देण्याची सोय झाली. आपल्याकडील न्यायालयेही आज दोषाचे हिस्से पाडतात. बुद्धीस हे इतके सरळ दिसत असता तेथवर पोहोचण्यास इतका काळ का लागावा? आमच्या मते याचे कारण मनुष्यस्वभावात आहे. भांडताना आपणांस दोष संपूर्ण दुसऱ्याचा हवा असतो. निम्मा दोष पत्करणे म्हणजे निम्मी हार असे वाटते. वस्तुतः 'तू आतून वळलास, आणि मी वेगात होतो' या वाक्यातील उत्तरार्ध ज्यास उच्चारता येत नाही, त्याच्या पूर्वार्धासही नैतिक वजन राहत नाही.

परंतु येथे एक विलक्षण अडचण उभी राहते. विमापत्रांत सहसा असे कलम असते की, कंपनीच्या लेखी संमतीवाचून विमेदाराने दोष कबूल करू नये, भरपाईचे वचन देऊ नये, पैसे देऊ नयेत. म्हणजे ज्या क्षणी सदसद्विवेकबुद्धी 'बोल' म्हणते, त्याच क्षणी करार 'गप्प राहा' म्हणतो. पैशासाठी आपण आपली जीभ विकली आहे काय? आमच्या मते या कोड्याचा उलगडा असा. भरपाईचे वचन देणे म्हणजे दुसऱ्याच्या थैलीतून दान करणे होय; ते न करण्याचा करार रास्त आहे. दोषाच्या वाटणीविषयी 'मी आता काही ठरवीत नाही, कंपनीस कळवितो' असे म्हणणेही अप्रामाणिक नव्हे. परंतु करार फार तर मौन मागू शकतो. असत्य मागण्याचा अधिकार कोणत्याही करारास नाही. 'मी सावकाशच होतो' हे खोटे वाक्य विमापत्रातील कोणत्याही कलमाने सांगितलेले नसते; ते आपण आपल्या पदरचे घालतो. आणि 'कुठे लागले तर नाही ना?' असे विचारणे, गोण्या उचलावयास हात लावणे, आपले नाव व विम्याचा तपशील न लपविता देणे, यांस तर कोणाचीच मनाई नाही. रस्त्यावर मौन पाळले तरी कंपनीच्या दावापत्रात मात्र संपूर्ण हकीकत लिहिणे भाग आहे. कारण विम्याचा करार हा परम विश्वासाचा करार आहे, एका पक्षास ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्यापासून लपविली की तो मुळातच दूषित होतो, हे तत्त्व लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ साली एका निकालात मांडून ठेवले आहे.

आता नुकसान किती, हे मोजावयाचे. भरपाई म्हणजे झीज भरून काढणे. गाडी अपघातापूर्वी जशी होती तशी व्हावी. तीहून चांगली होणे हा नफा होय, आणि दुसऱ्याच्या चुकीतून नफा काढणे हा न्याय नव्हे. येथेच मोह सुरू होतो. गॅरेजमध्ये कोणीतरी हळूच सुचवितो की, दार तसेही रंगवावयाचे आहे, तर मागच्या बाजूचा जुना ओरखडाही याच दाव्यात बसवून घेऊ. यात विमेदारास चोरी वाटत नाही, कारण समोर कोणी चोरला गेलेला माणूस दिसत नाही. शेजाऱ्याच्या खिशातून पाचशे रुपये काढावयास ज्याचा हात कधीही धजणार नाही, तो सद्गृहस्थ कंपनीकडून पाच हजार अधिक घेताना त्यास 'व्यवहार' म्हणतो. 'विमा' या शब्दाच्या मुळाशी भयवाचक फारसी शब्द आहे. पुष्कळांनी आपापल्या भयाचा थोडथोडा वाटा एका पेटीत टाकावा, आणि ज्यावर प्रसंग येईल त्याने त्यातून गरजेपुरते उचलावे, अशी ही योजना. पेटी कंपनीच्या ताब्यात असली तरी तिच्यातील पैसा बहुतांशी हप्ते भरणाऱ्यांचा असतो, आणि पेटीस पडलेले भोक पुढच्या हप्त्यांतून बुजविले जाते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. कंपन्या तरी कोठे साधू आहेत? रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर सहसा निम्मी घट धरली जाते, काही रक्कम विमेदाराने स्वतः सोसावीच लागते, कागदातल्या एखाद्या उणिवेवरून दावा अडवून धरला जातो. मग थोडे वाढवून मागितले तर ती फसवणूक कशी? याचे उत्तर असे की, घट धरण्याची अट आपण सही केलेल्या करारातच असते, आणि ती नको असेल तर अधिक हप्ता देऊन टाळण्याची सोय असते. कंपनी कराराबाहेर जाऊन अन्याय करीत असेल, तर त्यासाठी विमा लोकपाल आहे, ज्याचे एक कार्यालय पुण्यातही आहे, आणि ग्राहक आयोगही आहे. अन्यायाविरुद्ध फिर्याद करणे हा सन्मार्ग. अन्यायाची वजावट स्वतःच खोटे बोलून करून घेणे म्हणजे आपल्याच खटल्यात आपणच न्यायाधीश होणे. शिवाय हे खोटे एकट्याने बोलता येत नाही. गॅरेजवाल्याने ते अंदाजपत्रकात लिहावे लागते, पाहणी करणाऱ्याने ते न पाहिल्यासारखे करावे लागते, आणि घरातील मुलाने ते जेवताना ऐकावे लागते.

याहूनही एक दुष्ट प्रकार आहे, आणि तो सभ्य लोकांकडूनच घडतो. आपल्या उदाहरणातील मोटारवाल्याने पिकअपवाल्याकडून जागेवरच पाच हजार रुपये रोख घेतले, आणि नंतर स्वतःच्या कंपनीकडूनही दिव्याची व बंपरची भरपाई घेतली, असे समजा. दोन ठिकाणी घेतले हे दोघांपैकी एकासही कळत नाही. विलायतेत १८८३ साली अशाच स्वरूपाचा एक वाद गाजला. एकाने घर विकण्याचा करार केला, खरेदी पुरी होण्यापूर्वी आग लागली, विक्रेत्याने विम्याचे पैसे घेतले आणि पुढे गिऱ्हाइकाकडून पूर्ण किंमतही घेतली. न्यायालयाने विम्याचे पैसे परत करावयास लावले. एका हानीस दोन भरपाया नाहीत, इतके हे साधे तत्त्व आहे. परंतु केंदूरच्या वळणावरील पाच हजार त्या लंडनच्या निकालाहून अधिक बोचतात. ते कंपनीचे नसून एका माणसाच्या कित्येक दिवसांच्या मजुरीचे असतात. त्याने ते मालकाकडून उसने घेतलेले असतात, आणि ज्याने ते घेतले त्याची हानी तर आधीच विम्याने झाकलेली असते. ज्यास स्वतःच्या विम्यातून भरपाई मिळावयाची आहे त्याने दुबळ्याकडून रोख घेऊच नये. आणि घेतलीच तर कंपनीस तितकी रक्कम वजा करून सांगावी.

मग आपसात मिटवूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. आपल्या मुलखात आपसात मिटविण्यास जुनी आणि चांगली परंपरा आहे. मराठेशाहीत वादी-प्रतिवादी पंचांपुढे आधी 'राजीनामा' लिहून देत. त्याचा अर्थ, पंच ठरवितील ते आम्हांस राजीखुशीने मान्य. मग दोघांच्या 'तकरीरी', म्हणजे जबान्या होत, साक्षीपुरावा होई, आणि शेवटी हरलेला पक्ष 'येजितखत' लिहून देई, म्हणजे आपला पक्ष लटका ठरल्याची लेखी कबुली. तडजोड होण्यापूर्वी हकीकत उघड व्हावी, आणि ज्याचा दोष त्याच्या हातून तो लिहिला जावा, हे या पद्धतीचे मर्म होते. पुढे इंग्रजी कचेऱ्यांचा खर्च व विलंब पाहून सार्वजनिक काकांनी १८७० नंतरच्या दशकात पुण्यात लवाद कोर्टाचा प्रयोग केला. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात सलोखा करून देणारे लोक नेमण्याची तरतूद झाली. आणि १५ ऑगस्ट २००७ पासून आपल्या राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. एका दिव्यासाठी न्यायाधिकरणाची पायरी चढण्यापेक्षा गावातील चार जाणत्यांनी वळणावरच्या खुणा पाहून दोष वाटून देणे केव्हाही चांगले.

परंतु १८७९ चा तो कायदा का करावा लागला, हे याच भागातील माणसाने विसरू नये. १८७५ साली सुप्यास उठाव झाला आणि त्याचे लोण शिरूर तालुक्यातही पोहोचले. शेतकऱ्यांचा रोष होता तो विशेषतः सावकारांच्या खतांवर. जी खते ऋणकोस वाचता येत नव्हती आणि ज्यांवर त्याचा आंगठा घेतलेला होता. तीही एका अर्थाने 'राजीखुशी'च होती. आजही रस्त्याच्या कडेला मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून 'सर्व दोष माझा, माझी कसलीही तक्रार नाही' असे लिहून घेतले जाते, तेव्हा सही करणाऱ्यास त्याचा परिणाम कळला आहे काय, त्यास नाही म्हणण्याची मुभा होती काय, हे पाहिले पाहिजे. भोवती दहा माणसे दंड थोपटून उभी असताना झालेला सलोखा, मग ती माणसे गावची असोत की शहरी पाहुण्याने दूरध्वनी करून बोलाविलेली असोत, हा सलोखा नव्हेच. दोहोंचा मान सारखा राहील अशा जागी, हकीकत स्पष्ट झाल्यावर जे ठरते त्यासच तडजोड हे नाव शोभते.

शेवटी क्षमेविषयी. आपला हक्क सोडणे हे औदार्य आहे. पण ते आपल्याच हक्काच्या बाबतीत. मोटारवाला म्हणेल की, 'दोष निम्मा तुझा, तरी माझ्या दिव्याचे मी पाहतो, तू आपला माल वेळेवर बाजारात ने', तर ते भूषणावह आहे, आणि व्यवहारातही वावगे नाही. लहान दावा न केल्यास पुढच्या हप्त्यात सूट मिळते, आणि ती दावा न केलेल्या वर्षांप्रमाणे वीसपासून पन्नास टक्क्यांपर्यंत वाढत जाते. परंतु पिकअपवाल्याने आपल्या मालकाच्या फाळक्याची भरपाई परस्पर सोडून द्यावी, किंवा गरिबाने श्रीमंताच्या प्रतिष्ठेपुढे दबून आपल्या कांद्यांवर पाणी सोडावे, आणि आपण त्यास 'समजूतदारपणा' म्हणावे, हे बरोबर नव्हे. क्षमा वरून खाली वाहते तेव्हा ती सद्गुण असते. खालून वर ओढून घेतली तर तो नुसता जुलूम ठरतो. ज्यास मागण्याची शक्ती आहे त्याने सोडून देण्याचा विचार करावा, आणि ज्याची मागण्याची हिंमत होत नाही त्याचे न्याय्य मागणे दुसऱ्याने आपण होऊन पुढे करावे, हे आम्हांस अधिक रास्त वाटते.

सारांश, कर्तव्ये फार थोडी आणि साधी आहेत. आधी माणूस पाहावा, मग लोखंड. आपल्या वाट्याच्या दोषाविषयी खोटे बोलू नये. नुकसान असेल तितकेच मागावे, आणि ते एकदाच. दुसऱ्याची सही घेण्यापूर्वी त्यास नाही म्हणण्याची मोकळीक आहे की नाही ते पाहावे. ही कर्तव्ये पाळणे कठीण का जाते, तर रस्ता हा अनोळखी माणसांचा मुलूख आहे म्हणून. गावात ज्याच्या बैलाने आपले पीक खाल्ले तो दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर, आठवड्याने बाजारात आणि वर्षाने लग्नात भेटतो. तेथे लबाडी महाग पडते. मोटारीने आपणांस अशा माणसांच्या गाठी घालून दिल्या की जी पुन्हा कधी दिसणार नाहीत, आणि विम्याने अशा देणेकऱ्याशी गाठ घातली की ज्यास तोंडच नाही. म्हणून शेजारधर्माने पूर्वी जे काम लोकलाजेकडून करून घेतले, ते आता प्रत्येकाच्या मनासच करावे लागणार आहे. वळणावर ज्याची गाडी आपल्या गाडीस घासली तो उद्या आपल्याच गावच्या बाजारात भेटणार आहे असे समजून जो वागेल, त्यास विमापत्रातील बारीक अक्षरे वाचण्यापूर्वीच आपले कर्तव्य बहुतेक कळलेले असेल.